जहांगीर फर्दुनजी दस्तूर

जहांगीर फर्दुनजी दस्तूर (१८८६ – १९७१) हे भारतीय कवकशास्त्रज्ञ व वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत त्यांच्या कार्याला आरंभ झाला. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नागपूर येथे दीर्घकाळ काम केले. एरंडावरील रोगाच्या अभ्यासातून त्यांनी १९१३ मध्ये ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’ या जातीचे वर्णन केले आणि या नावामुळे जगभरच्या वनस्पतिरोगविषयक ग्रंथांत त्यांचा उल्लेख येऊ लागला. बटाट्यावरील करपा, मिरचीवरील फळकूज, गव्हाची मूळकूज व काळे टोक, कपाशीची मर आणि पानवेलीची पायकूज हे त्यांच्या अभ्यासाचे इतर प्रमुख विषय होत. बांबूवरील तांबेरा ज्या प्रजातीत मोडतो, तिला त्यांच्या सन्मानार्थ ‘दस्तुरेला’ हे नाव देण्यात आले आहे.

कवके व वनस्पतिरोग यांचा तपशीलवार अभ्यास करणारे पहिले भारतीय वनस्पतिरोगशास्त्रज्ञ असा त्यांचा उल्लेख अभ्यासपुस्तकांत केला जातो. या विधानातील ‘तपशीलवार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भारतात कवके गोळा करून ती ओळखण्याचे काम त्यांच्या आधी मुंबई इलाख्यातील डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी केले होते. दस्तूर यांचे वेगळेपण असे, की कवकाचे नाव नोंदवून ते थांबले नाहीत. ते कवक वाढवणे, निरोगी झाडावर त्याची लागण करून पाहणे, कोणत्या हवामानात रोग पसरतो हे तपासणे आणि मग उपायाकडे वळणे अशी सर्व साखळी त्यांनी पार पाडली.

पुसा आणि बटलर

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील पीकरोगांचा शास्त्रीय अभ्यास जवळजवळ एका माणसाभोवती फिरत होता. आयर्लंडमध्ये जन्मलेले एडविन जॉन बटलर हे मूळचे वैद्यकाचे पदवीधर. १९०५ मध्ये दरभंगा जिल्ह्यातील (आता समस्तीपूर जिल्हा) पुसा येथे, अमेरिकन दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीच्या आधाराने, कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि बटलर तेथे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम पाहू लागले. तुरीच्या मर रोगाचे कारण असलेले ‘फ्युजॅरियम उडम’ हे कवक त्यांनीच वर्णिले. १९१८ मध्ये त्यांचा वनस्पतींतील कवके व रोग यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय पीकरोगांवरील तो पहिला मोठा ग्रंथ होय.

पुसा येथे बटलर यांच्या हाताखाली जे भारतीय साहाय्यक तयार झाले, त्यांत दस्तूर अग्रभागी होते. त्या काळात वरिष्ठ पदे बहुतांशी युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत आणि भारतीय साहाय्यकांच्या वाट्याला नमुने गोळा करणे, रोगट भाग जपून ठेवणे, प्रयोगाच्या नोंदी लिहिणे अशी कामे येत. अशा स्थितीत एखाद्या साहाय्यकाच्या एकट्याच्या नावाने नव्या जातीचे वर्णन सरकारी शोधनिबंधमालेत छापून यावे, ही लहान गोष्ट नव्हती.

एरंडावरील रोग व ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’

एरंड हे पीक तेव्हा केवळ तेलासाठी घेतले जात नसे. एरी जातीचे रेशीमकिडे एरंडाच्या पानांवर वाढतात आणि पुसा येथे एरी रेशमाचे प्रयोग चालू होते. त्यामुळे एरंडाची कोवळी रोपे पावसाळ्यात एकाएकी कुजून जाऊ लागली, तेव्हा प्रश्न तेलबियांपुरता उरला नाही. रोग प्रथम रोपाच्या बीजदलांवर व कोवळ्या पानांवर दिसे, पाणथळ जागी वेगाने पसरे आणि रोप मरून जाई.

दस्तूर यांनी या रोगामागील सूक्ष्मजीव वेगळा केला. तो ‘फायटोफ्थोरा’ या प्रजातीतील होता. वनस्पतींचा नाश करणारा असा या ग्रीक नावाचा अर्थ असून जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी १८७६ मध्ये ते रूढ केले. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नष्ट करून दुष्काळ ओढवणारा रोगकारक याच प्रजातीतला. एरंडावरील रूप मात्र ज्ञात जातींपैकी कोणत्याच जातीशी पूर्णपणे जुळत नसल्याचे दस्तूर यांना आढळले. बीजाणुधानीचा आकार, जाड भिंतीचे विश्रामी बीजाणू आणि वेगवेगळ्या वनस्पतींवर लागण करून पाहिलेले प्रयोग यांच्या आधारे त्यांनी ती नवी जात ठरवली. भारतीय कृषी खात्याच्या निबंधमालेच्या वनस्पतिशास्त्रीय विभागात १९१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. तो पन्नासहून अधिक पृष्ठांचा आहे.

हा सूक्ष्मजीव शेतकऱ्याला इतका का छळतो, हे त्याच्या जीवनक्रमावरून कळते. ओल मिळाली की त्याच्या बीजाणुधानीतून शेपटीसारखे कशाभ असलेले चलबीजाणू बाहेर पडतात. ते पाण्यात पोहत जाऊन कोवळ्या मुळाला वा पानाला चिकटतात. पाऊस, तुंबलेले पाणी, दाट सावली आणि वाफ्यातून वाफ्यात वाहणारे ओलिताचे पाणी या साऱ्या गोष्टी त्याच्या पथ्यावर पडतात. जमीन सुकली की जाड भिंतीचे बीजाणू मातीत पडून राहतात व पुढच्या ओलीची वाट पाहतात. एकदा शेतात शिरलेला हा रोग म्हणूनच सहसा निघून जात नाही.

दस्तूर यांनी ज्या जातीला एरंडावरून नाव दिले, ती पुढे संत्रा, मोसंबी, टोमॅटो, वांगी, तंबाखू, अननस, पानवेल अशा अनेक वनस्पतींवर आढळली. आज तिच्या यजमान वनस्पतींची गणना शेकड्यांत केली जाते. नागपूरच्या संत्राबागांना ग्रासणाऱ्या डिंक्या व मूळकूज या रोगांमागील प्रमुख कारणांपैकी ती एक आहे. एरंडाच्या वाफ्यात सुरू झालेला हा अभ्यास अशा रीतीने विदर्भातील सर्वांत मोठ्या फळपिकाशी जोडला गेला.

बटाटा, मिरची, ऊस

बटाट्याचा करपा भारतात प्रथम १८७० ते १८८० या दशकात निलगिरी डोंगरांत नोंदला गेला आणि त्यानंतर दार्जिलिंगच्या बाजूस दिसला. शतकाच्या शेवटी तो बंगालच्या सपाट प्रदेशातही उतरला. डोंगरातला हा रोग मैदानातही कायमचा मुक्काम करणार काय, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. दस्तूर यांनी १९१५ मध्ये भारतातील बटाट्याच्या करप्यावर आणि १९१७ मध्ये त्याच्या प्रसारावर परिणाम करणाऱ्या परिस्थितीवर लेखन केले. मैदानी उन्हाळ्याची उष्णता या रोगकारकाला सोसत नाही आणि तेथे रोग पुन्हा दिसतो तो मुख्यतः डोंगरातून आणलेल्या बेण्यामुळे, ही समज या काळातील अभ्यासाने दृढ केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता. बेणे कोठून येते यावर लक्ष ठेवले, तर अर्धी लढाई जिंकता येत होती.

१९२० मध्ये ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचे मिरचीच्या रोगांवरील दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक ‘कोअनेफोरा कुकुर्बिटेरम’ या कवकामुळे होणाऱ्या ओल्या कुजीवर होता. दुसरा मिरची व पपई यांवर आढळणाऱ्या ‘ग्लोमेरेला सिंग्युलाटा’ या कवकावर आणि त्याच्या वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अवस्थांवर होता. पिकलेल्या लाल मिरचीवर काळसर खोलगट डाग पडून माल बाजारातून परत येतो, हा अनुभव नागपूर जिल्ह्यातील भिवापूरसारख्या मिरचीच्या पट्ट्याला आजही आहे. १९२१ मध्ये त्याच नियतकालिकात गव्हाच्या काजळीचे कवक ‘टिलेशिया ट्रिटिसी’ याच्या पेशीरचनेवरील त्यांचा निबंध आला आणि १९२३ मध्ये भारतातील उसाच्या मोझॅक रोगावरील लेख. हा शेवटचा रोग कवकजन्य नसून विषाणुजन्य आहे.

नागपूर

मध्य प्रांत व वऱ्हाड या तेव्हाच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. कृषी महाविद्यालय, त्याला लागून असलेली प्रयोगक्षेत्रे आणि सरकारी कृषी संशोधनाची प्रयोगशाळा यांमुळे हे शहर प्रांतातील शेतीविद्येचे केंद्र बनले होते. १९२० च्या दशकात दस्तूर येथे प्रांतिक सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. पुसा येथील काम आणि हे काम यांत मूलभूत फरक होता. पुसा येथे शास्त्रज्ञाला विषय निवडता येत असे. प्रांतिक कवकशास्त्रज्ञाकडे मात्र शेतकरी ज्या रोगाची तक्रार घेऊन येईल तोच विषय. वऱ्हाडात कपाशी, नर्मदेच्या खोऱ्यात गहू, वैनगंगेच्या बाजूस धान, रामटेककडे पानमळे आणि नागपूर-काटोल भागात वाढत चाललेली संत्राबाग एवढा पिकांचा पसारा एका खात्याच्या अंगावर होता.

कपाशीची मर हा त्यांतील पहिला मोठा प्रश्न. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत देशी कपाशीची वाढती झाडे उभ्या उभ्या सुकत. खोड चिरले असता आत तपकिरी रेघा दिसत. श्रीपाद लक्ष्मण आजरेकर व डी. व्ही. बाळ यांनी १९२१ मध्ये मध्य प्रांतातील या रोगावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. १९२४ मध्ये दस्तूर यांनी आपल्या तपासाचा प्राथमिक वृत्तांत दिला. मर ही कवकामुळेच होते की जमिनीच्या रासायनिक स्थितीचाही त्यात वाटा आहे, याबद्दल त्या दशकात एकमत नव्हते. फ्युजॅरियम कवक हे तिचे कारण असल्याचे पुढे सर्वमान्य झाले आणि रोगप्रतिकारक वाण हाच तिच्यावरचा व्यवहार्य उपाय ठरला. कपाशीच्या संदर्भात ‘दस्तूर’ हे नाव वाचताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. पंजाबातील कपाशीच्या ‘तिरक’ विकृतीवर काम करणारे वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रज्ञ आर. एच. दस्तूर हे वेगळे गृहस्थ होत.

गव्हाच्या मूळकुजीवर व काळ्या टोकावर त्यांनी १९३२ मध्ये लिहिले. काळे टोक म्हणजे दाण्याच्या अंकुराकडील बाजू काळी पडणे. असा गहू पेरला असता उगवण मंदावू शकते आणि बाजारातही त्याला दर कमी मिळतो. या दाण्यांतून वेगळ्या केलेल्या कवकांवरील त्यांचे टिपण १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच विषयाकडे दहा वर्षांनी पुन्हा वळण्याची ही चिकाटी त्यांच्या एकूण कामात दिसते.

पानवेलीचे रोग

नागपूरच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव काम पानवेलीवर झाले. विदर्भात पानमळ्याचा धंदा बारी व बरई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. रामटेकचे पान नागपूरच्या बाजारात नावाजलेले होते. पानमळा उभा करणे मोठ्या खर्चाचे काम असते. शेवगा, शेवरी, हादगा, पांगारा अशा आधाराच्या झाडांवर वेल चढवायचा, वाऱ्यापासून आडोसा करायचा, माती व खत वेळोवेळी घालायचे आणि पाणी कधी तुटू द्यायचे नाही. या मेहनतीतून जी दमट, सावलीची, सदा ओली हवा तयार होते, ती वेलीला जितकी मानवते तितकीच फायटोफ्थोरालाही मानवते. पानमळ्याची अडचण नेमकी येथे आहे. ज्या ओलाव्यावर पीक जगते, त्याच ओलाव्यावर रोग जगतो.

पायकूज लागली की प्रथम पानांची तकाकी जाते व ती लोंबू लागतात. नंतर जमिनीलगतचे खोड काळे व मऊ पडते, साल सुटते, आणि पाहता पाहता वेल वाळून जाते. ओळीतून पाणी वाहत असल्यामुळे एका वेलीवरून दुसरीकडे रोग जाण्यास वेळ लागत नाही. शिवाय पानवेल बियांपासून लावली जात नाही. जुन्या वेलीचे तुकडे नव्या मळ्यात लावले जातात. त्यामुळे बेण्याबरोबर रोगही नव्या जागी जातो. अशा वेळी मळा सोडून नवीन जमीन शोधणे एवढाच मार्ग पुष्कळांपुढे उरत असे. जमीनदाराकडून खंडाने घेतलेल्या जागेवर, कर्ज काढून मळा उभारणाऱ्या कुटुंबाला ते परवडणारे नव्हते.

मध्य प्रांतातील पायकुजीवर दस्तूर यांनी १९२७ मध्ये एक छोटे टिपण लिहिले. १९३५ मध्ये, नुकत्याच स्थापन झालेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्ताच्या पहिल्या खंडात, मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवरील त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. पायकुजीचा रोगकारक त्यांनी आपल्याच १९१३ मधील जातीचा एक प्रकार मानला आणि त्याला ‘पायपरिना’ असे प्रकारनाव दिले. पानवेलीच्या ‘पायपर’ या प्रजातिनामावरून ते आले आहे. सुमारे त्याच काळात बंगालमधील पायकुजीवर डब्ल्यू. मॅक्रे यांचेही काम चालू होते. दोन्हीकडील अभ्यासांनी मळ्यातील मर ही दैवी आपत्ती किंवा विटाळाचा परिणाम नसून पाण्यातून पसरणारा संसर्ग आहे, हे स्पष्ट केले. पानमळ्यातील सोवळ्याओवळ्याच्या जुन्या कल्पना लक्षात घेता या निष्कर्षाला शास्त्रापलीकडचेही महत्त्व होते.

त्या काळी हाताशी असलेला मुख्य उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो येथे मिलार्दे यांनी १८८५ च्या सुमारास द्राक्षांवरील केवडा रोखण्यासाठी ते पुढे आणले. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना वेगवेगळे विरघळवून १०० लिटर पाण्यात एकत्र केले जातात. हे मिश्रण वेलीवर फवारता येते, तसेच बुंध्याभोवती मातीत ओतता येते. याच्या जोडीला निरोगी बेणे, पाण्याचा निचरा आणि रोगट वेली उपटून जाळणे ही पथ्ये सांगितली जात. मिश्रण बीजाणूंना रुजू देत नाही, परंतु खोडात शिरलेल्या रोगाला ते बाहेर काढू शकत नाही. उशिरा केलेल्या फवारणीतून शेतकऱ्याच्या पदरी निराशा पडते ती या कारणाने.

निवृत्तीनंतरचे लेखन

स्वातंत्र्यानंतरच्या काळात दस्तूर यांची ओळख सामान्य वाचकांना वेगळ्याच क्षेत्रातील ग्रंथांमुळे झाली. भारत व पाकिस्तानातील उपयुक्त वनस्पती आणि औषधी वनस्पती यांवरील त्यांची इंग्रजी पुस्तके मुंबईच्या तारापोरवाला या प्रकाशनसंस्थेने काढली आणि त्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आयुर्वेदीय उपचारांची माहिती देणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, देशी भाषांतील नावे, वर्णन व उपयोग अशी या पुस्तकांची साधी मांडणी आहे. कवकांपासून सुरुवात करून औषधी वनस्पतींच्या ग्रंथापर्यंत जाण्याचा हा मार्ग कीर्तिकर यांनीही चोखाळला होता, बी. डी. बसू यांच्यासह त्यांनी केलेला औषधी वनस्पतींचा कोश प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये दस्तूर यांचे निधन झाले.

जातिनामाचा वाद

‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’ या नावाचे पुढचे भवितव्य दस्तूर यांच्या कामाइतकेच वाचनीय आहे. जावा बेटावरील तंबाखूच्या रोगावरून ब्रेडा डी हान यांनी १८९६ मध्येच ‘फायटोफ्थोरा निकोशियानी’ हे नाव दिले होते. त्यांचे वर्णन अपुरे असल्याच्या कारणाने अनेक शास्त्रज्ञ दस्तूर यांच्या नेटक्या वर्णनाला व नावाला पसंती देत राहिले. १९६३ मध्ये ग्रेस वॉटरहाउस यांनी दोन्ही एकाच जातीचे प्रकार मानून दस्तूर यांचे नाव ‘पॅरासिटिका’ या प्रकारनामाच्या रूपाने राखले. १९९३ मध्ये जी. हॉल यांनी असे प्रकार करण्यास आधार नसल्याचे दाखवले आणि नामकरणाच्या अग्रक्रमाच्या नियमाने ‘निकोशियानी’ हे नाव सर्वत्र स्वीकारले जाऊ लागले. तरीही लिंबूवर्गीय फळांवरील भारतीय लेखनात जुने नाव अजून सर्रास भेटते.

आणखी एक बदल अधिक मुळाशी जाणारा आहे. दस्तूर यांच्या काळी फायटोफ्थोरा कवकांत गणला जाई. आता तो अंडबीजाणुधारी सूक्ष्मजीवांच्या वेगळ्या गटात मोडतो. त्याच्या पेशीभित्तीत मुख्यत्वे सेल्युलोज असते, कवकांप्रमाणे कायटिन नव्हे, आणि त्याचे जवळचे नातलग तपकिरी शैवले व डायाटम हे आहेत. खऱ्या कवकांवर चालणारी काही औषधे त्यावर निष्प्रभ ठरतात, याचे कारण हे नातेच आहे.

नावाने राहिलेली स्मृती

१९४३ मध्ये बी. बी. मुंडकूर व खेशवाला यांनी बांबूवरील तांबेऱ्यासाठी ‘दस्तुरेला’ ही नवी प्रजाती स्थापन केली. तिच्यातील ‘दस्तुरेला डिव्हिना’ हे कवक आपले अर्धे आयुष्य बांबूवर व अर्धे गेळफळाच्या झाडावर काढते. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये ही दुहेरी वसती उलगडून दाखवली. बंगालमधील पानवेलीवरील करप्याच्या कवकाला टी. सी. रॉय यांनी १९४८ मध्ये ‘कोलेटोट्रायकम दस्तुरी’ असे नाव दिले.

उपयुक्त जिवाणू आणि दस्तूर यांनी अभ्यासलेले रोग

दस्तूर नागपुरात मोरचूद-चुन्याच्या काळात काम करत होते, तेव्हाच जगात एक वेगळा विचार अंकुरत होता. मातीत रोगकारक एकटा नसतो. त्याच्याभोवती असंख्य इतर सूक्ष्मजीव असतात आणि त्यांतील काही त्याला वाढू देत नाहीत. कॅनडात सॅनफर्ड यांनी १९२६ मध्ये बटाट्याच्या खवड्या रोगासंदर्भात ही कल्पना मांडली. १९३२ मध्ये अमेरिकेत वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा हे कवक इतर कवकांवर जगते हे दाखवले. भारतात या दिशेचे लक्षणीय काम तुरीच्या मर रोगावर झाले. आर. एस. वासुदेव व टी. सी. रॉय यांनी १९५० मध्ये जमिनीतील सूक्ष्मजीवांचा बटलर यांच्या फ्युजॅरियम उडमवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. त्यात ‘बॅसिलस सबटिलिस’ हा जिवाणू प्रमुख होता. या जिवाणूपासून मिळणाऱ्या प्रतिजैविक द्रव्याला पुढे ‘बल्बिफॉर्मिन’ असे नाव मिळाले.

महाराष्ट्रात या विचाराला कारखान्याचे रूप पिंपरी येथे आले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत तिरुमलाचार यांच्या मार्गदर्शनाखाली मातीतील तंतुमय जिवाणूंचा पद्धतशीर शोध घेतला गेला. दस्तुरेलाचा अभ्यास करणारे हेच ते तिरुमलाचार. १९६४ मध्ये तेथून ‘ऑरिओफंजिन’ या कवकरोधी प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध झाली. औषध म्हणून जिवाणूने तयार केलेले द्रव्य वापरायचे, प्रत्यक्ष जिवाणू नव्हे, अशी ही पद्धत होती. भातावरील करपा, द्राक्षांवरील भुरी आणि लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या यांसाठी त्याची शिफारस झाली.

जिवंत जिवाणूच शेतात सोडण्याची पद्धत त्यानंतर रुळली. ‘स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स’ व ‘बॅसिलस सबटिलिस’ हे त्यांत सर्वाधिक वापरले जातात. मुळाच्या पृष्ठभागावर ते आधी जागा धरतात आणि मुळातून पाझरणारे अन्न रोगकारकाच्या आधी उचलतात. लोह पकडून ठेवणारी द्रव्ये स्रवून ते मातीतील लोह रोगकारकाला दुर्मिळ करतात. काही जाती प्रतिजैविके बनवतात, तर काहींच्या सान्निध्याने वनस्पतीची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी होते. फायटोफ्थोराच्या बाबतीत आणखी एक मर्मस्थान आहे. त्याच्या चलबीजाणूंना पेशीभित्ती नसते. केवळ पातळ पटलाच्या आत ते पोहत असतात. साबणासारखा गुणधर्म असलेली जी द्रव्ये काही जिवाणू तयार करतात, त्यांच्या स्पर्शाने हे पटल फुटते व चलबीजाणू मुळापर्यंत पोचण्याआधीच नष्ट होतो.

नागपुरात १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. कपाशीची मर आणि संत्र्याचा डिंक्या, म्हणजे दस्तूर यांच्या नावाशी जोडलेले दोन प्रश्न, या शहरातील संस्थांच्या अभ्यासात आजही आहेत. संत्राबागेत दुहेरी आळे करून पाणी बुंध्याला लागू न देणे, कलमाचा जोड जमिनीपासून उंच ठेवणे, पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावणे ही पथ्ये फायटोफ्थोराच्या जलप्रिय स्वभावावर बेतलेली आहेत. तूर व हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा किंवा स्यूडोमोनासची भुकटी चोळली जाते. स्यूडोमोनासचे प्रमाण साधारणपणे एका किलो बियाण्यास १० ग्रॅम असते.

जिवाणूंच्या वापराला मर्यादाही आहेत. ते जिवंत असल्याने उन्हात ठेवलेली किंवा मुदत उलटलेली भुकटी निरुपयोगी ठरते. कोरड्या व सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत ते टिकत नाहीत. चांगले कुजलेले शेणखत मिसळून ते देण्याची पद्धत म्हणूनच पडली. तांबे त्यांनाही मारक असते, त्यामुळे बोर्डो मिश्रण आणि जिवाणू एकाच वेळी देता येत नाहीत. पानमळ्यात दोन्ही वापरायचे झाल्यास आधी बोर्डो मिश्रण देऊन काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते व मगच जिवाणूमिश्रित खत वेलीच्या बुंध्याशी घातले जाते.